ग्रीन बेचा ‘४९ स्वीप’ : एका धावचालीतल्या अकरा नेमणुका

ग्रीन बे पॅकर्सचा स्वीप, म्हणजे बॉल हातात घेऊन टोकाकडून वळसा घालत धावायची चाल (४९ हा तिचा क्रमांक), ही १९६० च्या दशकातली अमेरिकन फुटबॉलची सर्वात गाजलेली धावचाल. जुन्या फिल्ममध्ये ती पाहताना नजर हमखास दोन गार्डांवर, म्हणजे ओळीत सेंटरच्या दोन बाजूंना उभ्या राहणाऱ्यांवर जाते. जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे एकशे दहा किलोच्या आसपासचे दोन गडी ओळीतून बाहेर पडतात, शेजारीशेजारी धावत सुटतात आणि त्यांच्या मागून पॉल हॉर्नंग बॉल घेऊन येतो. चाल या गार्डांच्या नावावर जमा झाली आणि तो मान त्यांचा आहेच. पण नेमणुका, म्हणजे प्रत्येकाला वाटून दिलेली कामं, एकेक करून तपासल्या की लक्षात येतं, या चालीचा निकाल गार्ड टोकाला पोहोचण्याआधीच लागलेला असतो. गार्ड उठून गेल्यावर मोकळ्या पडलेल्या दोन फटी कोण बुजवतं आणि उजव्या टोकाच्या लाइनबॅकरला (बचावाच्या पुढच्या ओळीमागचा खेळाडू) कोण रोखून धरतं, तिथे तो लागतो. म्हणून इथे सेंटर (ओळीच्या मधोमध, बॉल मागे देणारा) आणि टाइट एंड (ओळीच्या टोकाचा) यांना जास्त जागा दिली आहे.

विन्स लोम्बार्डी १९५९ मध्ये ग्रीन बेचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याआधीच्या मोसमात या संघाने बारापैकी एकच सामना जिंकला होता, दहा हरले होते आणि एक बरोबरीत सुटला होता. लोम्बार्डींनी सगळ्यात आधी पक्की केलेली चाल म्हणजे हा स्वीप. त्यानंतर १९६१, १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७ अशी पाच विजेतेपदं आली. चालीत लपवण्यासारखं काही नव्हतं. ती येणार हे प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक असायचं. पुढे नामांकित प्रशिक्षक झालेले जॉन मॅडन उमेदवारीच्या काळात एका प्रशिक्षण शिबिराला गेले होते. तिथे लोम्बार्डी या एकाच चालीवर आठ तास बोलले, असं मॅडन पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आठ तास कशाला लागावेत, हे खालच्या तपशिलावरून कळेल.

परिस्थिती

पहिला डाउन, म्हणजे चार प्रयत्नांपैकी पहिला; दहा यार्ड काढायचे आहेत; बॉल डाव्या हॅशवर, म्हणजे मैदानात लांबीने आखलेल्या दोन खुणांच्या ओळींपैकी डावीवर. आक्रमणाची मांडणी उजवीकडे जड, म्हणजे टाइट एंड उजव्या टॅकलच्या (गार्डच्या बाहेर उभा राहणारा) बाजूला आणि फ्लँकर त्याच्याही बाहेर. स्प्लिट एंड डावीकडे एकटा. हाफबॅक, म्हणजे या चालीत बॉल घेऊन धावणारा, डाव्या टॅकलच्या मागे, फुलबॅक त्याच्या उजवीकडे. बचाव ४-३ : पुढे चार जण (मधले दोघे टॅकल, कडेचे दोघे एंड), त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर, कडेला दोन कॉर्नरबॅक आणि सर्वात मागे दोन सेफ्टी. बचावाचे दोन्ही टॅकल आपल्या दोन गार्डांच्या समोर उभे आहेत, दोन्ही एंड आपल्या टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर, मधला लाइनबॅकर सेंटरच्या समोर मागे, आणि त्यांचा डावा लाइनबॅकर आपल्या टाइट एंडच्या समोर.

डावा हॅश का, तर जागेसाठी. मैदानाची रुंदी ५३⅓ यार्ड, म्हणजे १६० फूट. १९७१ पर्यंत एनएफएलमध्ये (अमेरिकेची व्यावसायिक फुटबॉल लीग) हॅश कडेच्या रेषेपासून २० यार्ड आत असे. त्यामुळे डाव्या हॅशवरून उजवीकडे ३३⅓ यार्ड मोकळं मैदान मिळायचं. १९७२ मध्ये हॅश आत सरकवले, दोघांतलं अंतर ४० फुटांवरून साडेअठरा फुटांवर आलं आणि ‘रुंद बाजू’ हा प्रकार जवळजवळ संपला. जुन्या फिल्ममध्ये हाफबॅकला इतका निवांत वेळ कसा मिळतो, याचं निम्मं उत्तर या मोजमापात आहे.

दुसरी अट हातांची. त्या काळी ब्लॉक करणाऱ्याला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणाऱ्याला, हात छातीजवळ ठेवावे लागत. हात लांब करून उघड्या पंजाने ढकलायची मुभा १९७८ मध्ये मिळाली. म्हणजे इथले सगळे ब्लॉक खांद्याचे आणि पायांचे आहेत. खांदा चुकीच्या बाजूला गेला की हाताने सावरून घ्यायची सोय नाही. ‘डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं’ हा प्रश्न प्रत्येक नेमणुकीत येतो तो त्यामुळेच.

पुढे ‘आत’ म्हणजे बॉल ठेवला होता त्या बाजूला आणि ‘बाहेर’ म्हणजे उजव्या कडेच्या रेषेकडे.

टाइट एंड आणि नऊ फूट

एरवी टाइट एंड टॅकलला चिकटून उभा राहतो. इथे तो सुमारे नऊ फूट, म्हणजे तीन यार्ड, बाहेर सरकतो. या अंतराने लाइनबॅकर पेचात पडतो. तो टाइट एंडबरोबर बाहेर आला तर आत तीन यार्डांची गल्ली आपोआप उघडते. तो आतच थांबला तर टाइट एंडला बाहेरून कोन मिळतो आणि त्याला आत कोंडता येतं.

नेमणूक एका वाक्याची आहे : लाइनबॅकरला पलीकडे घुसू द्यायचं नाही आणि तो ज्या दिशेला जाईल त्याच दिशेला त्याला आणखी न्यायचं. नवख्याला हे सोपं वाटतं, कारण दिशा ठरवायची जबाबदारी त्याच्यावर नाही. अवघड आहे ते थांबणं. पहिलं पाऊल आखूड, दुसरं त्याच्या बरोबरीला. पावलं चालू, कंबर खाली, डोकं लाइनबॅकरच्या छातीच्या मध्यावर आणि वजन दोन्ही पायांवर सारखं. जो झेप घेतो तो चुकतो. झेपेत दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात, लाइनबॅकर एक पाऊल मागे घेऊन बाजूने निसटतो आणि थेट मागच्या मैदानात शिरतो. गार्ड तिथे पोहोचेपर्यंत हा ब्लॉक टिकला पाहिजे. ओळीतल्या कोणत्याही ब्लॉकपेक्षा तो जास्त वेळ टिकावा लागतो. सुरुवातीच्या वर्षांत हे काम रॉन क्रेमरचं होतं. अंगापिंडाने थोराड, तरी पायांनी हलका असा खेळाडू या जागी का हवा, हे त्याच्याकडे पाहून कळतं.

नऊ फूट हा नियम असला तरी तो डोळे मिटून पाळायचा नाही. लाइनबॅकर टाइट एंडला सोडून सरळ त्या तीन यार्डांच्या फटीत उभा राहिला आणि स्नॅपबरोबर, म्हणजे सेंटरने बॉल मागे देताच, घुसण्याच्या तयारीत दिसला, तर टाइट एंडने अंतर कमी करायचं. इतकं की आतला पाय टाकून आपण त्याच्या वाटेत येऊ शकू. अंतर किती ठेवायचं याचं माप हेच.

सेंटर आणि डावा टॅकल : मागे राहिलेल्या फटी

दोन्ही गार्ड उठून गेले की बचावाचे दोन टॅकल समोर कोणीच नसल्यासारखे मोकळे होतात. त्यांच्यापैकी एक जरी सरळ आत आला तर बॉल हातात पडायच्या आधीच हाफबॅक सापडतो. डावीकडचा, म्हणजे आपल्या डाव्या गार्डसमोरचा बचाव टॅकल आपल्या डाव्या टॅकलकडे. उजव्या गार्डसमोरचा सेंटरकडे.

डाव्या टॅकलचं काम त्यातल्या त्यात बरं. चाल त्याच्यापासून दूर चालली आहे, म्हणून त्याने समोरच्याला हरवायची गरज नाही, त्याची दोन पावलं खाल्ली की पुरे. आतला पाय आधी आडवा टाकायचा, डोकं आणि खांदा बचाव टॅकलच्या पलीकडच्या मांडीपुढे न्यायचा आणि वाटेत आडवं व्हायचं. याला कटऑफ म्हणतात. बॉब स्कोरोन्स्की आणि नॉर्म मास्टर्स या जागी खेळले. फिल्ममध्ये ते बहुतेक वेळा जमिनीवर पडलेले दिसतात. काम झाल्याची ती खूण आहे.

सेंटरचं काम या सगळ्या चालीतलं सर्वात कठीण, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो एका हाताने बॉल मागे देतो आहे आणि त्याच क्षणी त्याला उजवीकडे, एक जागा सोडून उभ्या असलेल्या माणसाच्या पुढे जायचं आहे. तो माणूस सेंटरपेक्षा पंधरा-वीस किलोंनी जड असू शकतो. बॉल निघताना उजवा पाय आडवा पडलाच पाहिजे. आधी बॉल, मग पाऊल, असं झालं की संपलं. दुसऱ्या पावलाला डोकं बचाव टॅकलच्या बाहेरच्या बाजूला पोहोचायला हवं. डोकं आतल्या बाजूला राहिलं तर सेंटर त्याला मागून नुसता ढकलत राहतो आणि तो त्याच धक्क्याने चालीच्या दिशेला जातो. जिम रिंगो वजनाने जेमतेम १०५ किलोचा सेंटर होता. सेंटर म्हणून तो त्या काळीही हलकाच गणला जाई. पण ही पोहोच त्याच्याइतक्या झपाट्याने फार थोड्यांना साधली.

इथे उभं राहण्याची जागा बारकाईने पाहायची. बचाव टॅकल गार्डच्या आतल्या खांद्यावर असेल तर सेंटरला तो सहज सापडतो. नाकासमोर असेल तर कष्टाने. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर असेल तर सेंटर त्याच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. अशा वेळी उजवा टॅकल हाक देऊन त्याला आतल्या बाजूने दाबतो, बाहेरचा एंड एकट्या फुलबॅककडे जातो आणि सेंटर मधल्या लाइनबॅकरमागे निघतो. ही अदलाबदल स्नॅपआधी, मोठ्याने आणि दोघांनी एकदम मान्य करून व्हायला हवी. एकाने ऐकली आणि दुसऱ्याने नाही, तर दोघे एकाच माणसावर जातात आणि मधला लाइनबॅकर मोकळा सुटतो.

उजवा टॅकल आणि फुलबॅक

उजव्या टॅकलकडे दोन कामं आहेत. आधी समोरच्या बचाव एंडला जाताजाता खांद्याचा सणसणीत ठोसा, म्हणजे त्याची पहिली उसळी थांबते. मग तिथून सुटून मधल्या लाइनबॅकरकडे. लाइनबॅकर उजवीकडे धावत असतो, म्हणून तो आत्ता आहे तिथे जायचं नाही, दोन पावलांनी तो जिथे असेल तिथे जायचं. एंड स्वतःच आत वळला तर मात्र टॅकलने त्याला सोडायचं नाही, दुसरं काम विसरायचं. फॉरेस्ट ग्रेग ही दोन्ही कामं एका श्वासात करायचा.

फुलबॅकचं लक्ष्य टॅकलच्या बाहेरच्या पायाची जागा. तिथून बाहेर जो पहिला प्रतिस्पर्धी दिसेल तो त्याचा. बहुतेक वेळा तो ठोसा खाल्लेला एंडच असतो. त्याच्या बाहेरच्या गुडघ्यापुढे आडवं जाऊन त्याला आत ठेवायचं. जिम टेलरने १९६२ मध्ये १,४७४ यार्ड धावून १९ टचडाउन केले, म्हणजे १९ वेळा बॉल प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला, आणि तोच माणूस या चालीत बॉलशिवाय एंडच्या पायात घुसायचा. तो घुसतो म्हणून हॉर्नंगला कोपरा मिळतो.

गार्ड

उजव्या गार्डचं पहिलं पाऊल किंचित मागे पडतं. उजवं कोपर झटक्यात मागे ओढलं की कंबर उघडते आणि पाऊल आपोआप बरोबर पडतं. मागे का, तर समोर टॅकल, एंड आणि फुलबॅक यांचा गुंता होणार आहे आणि त्याच्या मागून वळसा घेतला नाही तर गार्ड आपल्याच माणसांवर आदळतो. वळसा पूर्ण झाला की तो उजवीकडच्या कॉर्नरबॅककडे जातो आणि त्याला बाहेर, रेषेकडे फेकतो. कॉर्नरबॅक वेगाने वर आला तर काम लवकर होतं. तो मागेच घुटमळला तर गार्डने घाई करायची नाही. धावत राहायचं, अंतर कमी करायचं आणि एक पाऊल उरेपर्यंत पाय जमिनीवरच ठेवायचे. लांबून झेपावलेल्या जड माणसाला चुकवणं कॉर्नरबॅकला डाव्या हाताचा खेळ. कॉर्नरबॅक गार्डच्या आतल्या बाजूने घुसू पाहत असेल तर त्याला आतच दाबायचं, हाफबॅक बाहेरून निघेल.

डावा गार्ड सेंटरच्या मागून येतो, त्याचा रस्ता लांब. पण त्याला एक फायदा आहे : टाइट एंडचा ब्लॉक कुठल्या दिशेला गेला हे त्याला दिसतं. लाइनबॅकर बाहेर नेला गेला असेल तर डावा गार्ड त्याच्या आतून वर वळतो आणि वळताक्षणी आत पाहतो, कारण टॅकलच्या हातून सुटलेला मधला लाइनबॅकर तिथूनच येतो. लाइनबॅकर आत कोंडला गेला असेल तर डावा गार्ड बाहेरून वळसा घेतो आणि तेव्हाही नजर आतच. या दोन गार्डांच्या मधली जागा म्हणजे गल्ली. बाहेरची भिंत उजवा गार्ड आणि कॉर्नरबॅक, आतली भिंत डावा गार्ड.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे गार्डची जमिनीवर टेकलेली बोटं. समोर मुसंडी मारायची असेल तर वजन हातावर येतं आणि बोटांची टोकं पांढरी पडतात. ओळीतून बाहेर पडायचं असेल तर नकळत वजन मागे राहतं आणि बोटांचा रंग तसाच राहतो. अनुभवी बचाव टॅकल स्नॅपआधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, बोटांकडे पाहतो. त्यामुळे प्रत्येक चालीत हातावर सारखंच वजन ठेवण्याचा सराव गार्डला वेगळा करावा लागतो, आणि तो कंटाळवाणा असतो.

उरलेले चौघे

फ्लँकर आत धावून त्या बाजूच्या सेफ्टीला गाठतो. स्प्लिट एंड तिरका धावत दूरच्या सेफ्टीच्या वाटेत येतो. क्वार्टरबॅक, म्हणजे सेंटरकडून बॉल घेणारा, बार्ट स्टार बॉल देऊन झाल्यावर तो अजून आपल्याकडेच असल्यासारखा डावीकडे धावतो. डाव्या टोकाच्या बचाव एंडला कोणीच ब्लॉक करत नाही, त्याला हे सोंग एक-दोन पावलं थोपवून धरतं. ते केलं नाही तर तो एंड मागून सरळ पाठलाग करत येतो.

हाफबॅकला शिकवायचं ते वेग आवरणं. पहिल्या दोन-तीन पावलांत तो पूर्ण वेगाने धावला तर गार्डच्या पुढे जातो आणि मग ब्लॉक करणारे मागे, धावणारा एकटा पुढे. त्याने गार्डच्या मागे दोनेक यार्ड राहायचं आणि टाइट एंडच्या ब्लॉककडे पाहायचं. कबड्डीत चढाई करणारा कोपऱ्यातल्या रक्षकाच्या पायांवरून डावीकडे की उजवीकडे ते ठरवतो, तसं इथे लाइनबॅकरच्या पाठीवरून ठरतं. पाठ आतल्या बाजूला, म्हणजे तो बाहेर तोंड करून ढकलला जात असेल, तर गल्लीतून वर. पाठ बाहेर असेल तर वळसा घालून बाहेरून. निर्णय झाला की मग मागेपुढे न पाहता पूर्ण वेग. हॉर्नंग फार वेगवान नव्हता, पण हे वाचन त्याच्याइतकं कोणालाच जमत नव्हतं. शिवाय नोत्र दाम विद्यापीठाकडून तो क्वार्टरबॅक म्हणून खेळला होता आणि सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूची १९५६ ची हाइझमन ट्रॉफी त्याने जिंकली होती. धावता धावता तो बॉल फेकूही शकतो या भीतीने कॉर्नरबॅक आणि सेफ्टी क्षणभर अडखळायचे. तो क्षण उजव्या गार्डच्या पथ्यावर पडायचा.

चाल कुठे फसते

फिल्म पाहताना आधी परिणाम दिसतो, कारण मागाहून शोधावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा परिणाम दिसतो त्या जागेच्या एक पाऊल आधी असतं.

उजवा गार्ड टाइट एंडसमोरच्या लाइनबॅकरवर गेला आणि कॉर्नरबॅक मोकळा राहून त्यानेच हाफबॅकला पाडलं, असं दिसलं की प्रशिक्षक गार्डला ओरडतात. गार्डचं काही चुकलेलं नसतं. लाइनबॅकर घुसून त्याच्या वाटेत आला होता, त्याला सोडून पुढे जाणं वेडेपणा ठरला असता. चूक टाइट एंडच्या झेपेची, नाहीतर त्याने ठेवलेल्या अंतराची.

हाफबॅकला बॉल मिळताच पाडलं गेलं तर सेंटरकडे पाहायचं, पण आधी बचाव टॅकल कुठे उभा होता ते तपासायचं. तो बाहेरच्या खांद्यावर असूनही हाक दिली गेली नसेल तर दोष उजव्या टॅकलचा. हाक दिली होती आणि सेंटर तरीही पोहोचायला गेला, तर सेंटरचा.

दोन्ही गार्ड एकमेकांवर आदळले तर उजव्याने पुरेसं मागे पाऊल घेतलं नाही. डावा गार्ड मागे पडला आणि हाफबॅकने त्याला ओलांडलं, तर नव्वद टक्के वेळा हाफबॅकची घाई. मधला लाइनबॅकर मोकळा येऊन पाच यार्डांवर पाडत असेल तर उजवा टॅकल एंडपाशी जास्त वेळ रेंगाळतो आहे. ठोसा मारायचा आहे, झुंजायचं नाही.

एक अपयश मात्र तंत्राचं नाही, प्रतिस्पर्ध्याच्या हुशारीचं आहे. बचाव टॅकल ठरवतो की गार्ड जिकडे जाईल तिकडे आपण त्याच्या पाठोपाठ जायचं. सेंटर पोहोचण्याआधी तो गार्डच्या शेपटीला लागलेला असतो. डॅलस काउबॉइजचा बॉब लिली यात तरबेज होता. यावर पोहोच सुधारून उपाय होत नाही. त्याच्या त्या धावण्याचाच फायदा उठवावा लागतो.

३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे. सामन्याच्या सुरुवातीला तापमान उणे २५ अंश सेल्सिअस, एनएफएलचा अंतिम सामना, डॅलस १७-१४ ने पुढे, जेमतेम एक मिनिट उरलेलं. बॉल डॅलसच्या गोलरेषेपासून ११ यार्डांवर. स्टारने अशी चाल पुकारली की डावा गार्ड गेल गिलिंगहॅम स्वीपसारखाच उठून उजवीकडे निघाला. लिली सवयीने त्याच्या मागे गेला. लिलीला कोणी ब्लॉकच केलं नाही, कारण तशी गरजच नव्हती. डावा टॅकल स्कोरोन्स्कीकडे मात्र अवघड काम होतं : बचाव एंड जॉर्ज अँड्रीला आत येऊ न देणं. त्याने ते केलं आणि लिलीने मोकळ्या केलेल्या फटीतून फुलबॅक चक मर्सीनने आठ यार्ड काढले, बॉल तीन यार्डांवर आला. पुढे स्टार स्वतः घुसला आणि सामना २१-१७ असा संपला. लोकांच्या लक्षात तो शेवटचा घुसाव राहिला. नेमणुकांच्या दृष्टीने त्या आठ यार्डांचं मोल जास्त आहे : वर्षानुवर्षं स्वीप इमानाने खेळला होता म्हणून लिलीचे पाय आपसूक उजवीकडे वळले.

माणसं बदलल्यावर

१९६५ च्या मोसमात रिंगो आणि रॉन क्रेमर दोघेही ग्रीन बेमध्ये नव्हते. रिंगो १९६४ मध्ये फिलाडेल्फियाला गेला, क्रेमर पुढच्या वर्षी डेट्रॉइटला. आम्ही ज्या दोन जागांवर इतका जोर दिला, नेमक्या त्याच दोन जागा बदलल्या. तरीही २ जानेवारी १९६६ ला, त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, क्लीव्हलँड ब्राउन्सविरुद्ध चिखलात हॉर्नंगने १०५ आणि टेलरने ९६ यार्ड काढले. तिसऱ्या चरणात हॉर्नंगच्या १३ यार्डांच्या धावेवर टचडाउन झाला आणि ग्रीन बे २३-१२ ने जिंकलं. क्लीव्हलँडच्या जिम ब्राउनला ५० यार्डांवर थोपवलं गेलं. तो त्याचा शेवटचा लीग सामना ठरला.

चिखल अशा चालीच्या आड येईल असं वाटतं. उलट तो मदतीला आला. घसरड्या मैदानावर बचाव करणाऱ्याला दिशा बदलायला एक पाऊल जास्त लागतं, आणि ब्लॉक करणाऱ्याला कुठे जायचं हे आधीपासून माहीत असतं. नव्या सेंटरला रिंगोचा वेग मिळाला नव्हता, पण त्याला तीच हाक, तेच पाऊल आणि डोक्याची तीच बाजू मिळाली होती. माणसागणिक थोडं कमी-जास्त होतंच. लिहिलेली नेमणूक ‘तो इथे असेल तर हे, तिथे असेल तर ते’ अशा रूपात होती, म्हणून ती नव्या माणसाच्या हाती देता आली.

शिकवण्याचा क्रम

पूर्ण अकरा जण पहिल्या दिवशी उभे करू नयेत. सुरुवात टाइट एंड विरुद्ध लाइनबॅकर अशा जोडीने करावी, लाइनबॅकरला मर्जीप्रमाणे आत किंवा बाहेर जाऊ द्यावं आणि हाफबॅकला सात यार्ड मागे उभं करून त्याने फक्त हाताने दिशा दाखवावी. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नये. मग सेंटर आणि डावा टॅकल, समोर दोन बचाव टॅकल, प्रत्येक वेळी त्यांची जागा बदलून, खऱ्या बॉलने. बॉलशिवाय सेंटरचा सराव घेतला तर त्याला चुकीची लय लागते. त्यानंतर दोन गार्ड, जमिनीवर शंकू ठेवून, आधी चालत, मग धावत. शेवटी फक्त उजवी बाजू आणि त्यानंतर सगळे.

आज ही चाल जशीच्या तशी आखता येत नाही. उजव्या टॅकलने एंडला वर धरलेलं असताना फुलबॅकने त्याच्या पायात जाणं म्हणजे चॉप ब्लॉक. तो एनएफएलमध्ये २०१६ पासून सर्व प्रकारांत बंद आहे. म्हणजे एकतर टॅकल पूर्ण सुटल्यावरच फुलबॅकने खाली जायचं, नाहीतर वर, छातीवर ब्लॉक करायचा. दुसरा विकल्प सुरक्षित. गार्डने कॉर्नरबॅकला मोकळ्या मैदानात कमरेखाली मारण्याचीही २०२१ पासून मनाई आहे, त्यामुळे एकशे चाळीस किलोच्या गार्डला ऐंशी-नव्वद किलोच्या चपळ माणसासमोर उभ्याने थांबून, हात पुढे करून झुंजावं लागतं. हात लांब करायची मुभा मात्र आता आहे आणि तिचा सर्वात मोठा फायदा सेंटरला झाला आहे. पोहोचताना डोकं अर्ध्या वितीने मागे राहिलं तरी बाहेरचा हात बचाव टॅकलच्या काखेपाशी लागला की तो धरून ठेवता येतो.

आजच्या ‘पिन अँड पुल’ प्रकारच्या चालींत कोण बाहेर पडणार हे आधी ठरलेलं नसतं. ज्याच्या आतल्या फटीत बचावाचा माणूस असेल तो त्याला आत दाबतो, ज्याच्या अंगावर कोणी नाही तो बाहेर पडतो. त्यामुळे कधी सेंटर धावतो, कधी टॅकल. सेंटर पोहोचू शकत नाही अशा मांडणीवर उजवा टॅकल आत दाबायचा, तीच अदलाबदल इथे पूर्ण ओळीला लागू केली आहे. ही चाल शिकवणाऱ्याने आधी ४९ स्वीपची ती एक हाक पक्की करून घ्यावी, कारण चुकतात ते तिथेच : एका फटीवर दोघे जण, आणि मधला लाइनबॅकर मोकळा.